भिंगरी घरी आली

३ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

ताई, काल माझ्या भिंगरीला बालगृहात नेलं. तू चिडशील, तरी सगळं खरं लिहिते. इस्पितळाच्या लाँड्रीत माझी शिफ्ट बदलली आणि तिला सांभाळणारी शेजारीण गुडघ्याने अंथरुणाला खिळली. चार दिवस मी खोलीला बाहेरून कुलूप लावून गेले. पाणी, बिस्किटं, बाहुली आत ठेवून. पाचव्या दिवशी ती खिडकीत रडताना कुणी पाहिलं आणि कळवलं. बालकल्याण कार्यालयाच्या बाई आल्या. वाईट नव्हत्या गं. तिची दुसरी चप्पल सापडेना, तर स्वतः कॉटखाली वाकून शोधली. तेच जास्त लागलं.

माया असू दे.
तुझी धाकटी

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अ. आ.

दाढ दुखली तरी गाल सुजेपर्यंत बोलायची नाहीस, तशीच राहिलीस. एक ओळ खरडली असतीस तर मी धावत आले नसते?

परवा त्या बाईंना जाऊन भेटले. म्हटलं, मी सख्खी बहीण, पोर माझ्याकडे द्या. त्या म्हणाल्या, देता येईल. पण घराची पाहणी, दाखले, समितीची तारीख, यात वर्ष सरेल. तुमच्या लाँड्रीतल्याच नऊ जणींच्या फायली त्यांच्याकडे आहेत, सगळ्या कुलपाच्या. मी विचारलं, मग मुलं उचलण्यापेक्षा तिथे पाळणाघर का काढत नाही? त्या म्हणाल्या, तीन वर्षं मागतेय, एकटीचं कोण ऐकतं. तेव्हा रडणं पुरे. सह्या गोळा कर.

जिवाला जप.
तुझी ताई

२० जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

नऊ जणींच्या फायली म्हणाली होतीस, एकतीस सह्या झाल्या! मुकादम म्हणाला, सह्यांनी चादरी धुतल्या जात नाहीत. पण बाईंनी इस्पितळाच्या समितीपुढे कोंडलेल्या एकेका मुलाचं नाव आणि वय वाचलं, तेव्हा मंजुरी मिळाली. जुन्या चादरींची खोली रिकामी करून रंगवलीय. पुढच्या महिन्यात पाळणाघर सुरू.

भिंगरीची तारीख मात्र पुन्हा पुढे गेली. रविवारी तासभर भेट मिळते. आधी निघताना माझं बोट सोडायची नाही. आता तास झाला की तीच मला घड्याळ दाखवते.

धाकटी

१४ डिसेंबर

ती. ताईस, सा. न.

भिंगरी घरी आली. साडेदहा महिन्यांनी. पाळणाघरातही तिला घेतलंय. सोडताना रडत नाही. बाकीच्या बायका म्हणतात, किती शहाणी पोर.

जेवण झाल्यावर तिने ताट घासून उपडं घातलं, हात पुसले आणि मला विचारलं, की मावशी, मी आता कुठे बसू.

बालगृहात सांभाळणाऱ्या सगळ्याच मावशी होत्या गं. मी तिला जवळ घेतलं, तर अंग चोरून उभी राहिली.

ताई, तू ये. तिची मावशी कोण ते तिला एकदा दिसू दे. मग मी कोण, तेही आठवेल.

लोभ कागदावर पुरे झाला, या वेळी स्वतः ये.

तुझी धाकटी