क्लबाला कोट नाही

मी, कवडू तानबा थूल, वय बेचाळीस, धर्म बौद्ध (दोन वर्षांपासून, आधीच्याचा अनुभव पुढे येईल), राहणार पुलगाव, जिल्हा वर्धा, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र करीत आहे. मिलमधल्या कापसाच्या धुळीने छाती गेली, देशाच्या संघातून फुटबॉल खेळताना उजवा गुडघा गेला. डोके जागेवर आहे.

१. माझ्या दोन खोल्या व भांडीकुंडी पत्नी कुंताबाई हिची. धाकटा भाऊ चिंधू याने वाटा मागू नये. मी गोल करीत होतो तेव्हा तो माझ्या नावावर गावभर फुकट चहा पीत होता. तोच त्याचा वाटा समजावा.

२. बूट कोणाला द्यावेत हा प्रश्नच नाही. परदेशातही मी पायाला पट्ट्या गुंडाळून खेळलो. निवड समितीच्या ज्या गृहस्थांनी 'आमचे अनवाणी वीर' असे भाषण ठोकले, त्यांच्या पायात बूट होते. माझा गुडघा गेल्यावर त्यांनी साधी चौकशी केली नाही. माझी काठी त्यांना पाठवावी. म्हातारपणी कामी येईल.

३. देशाच्या संघाचा निळा कोट. आमच्या गावच्या जयविजय क्लबाचे अध्यक्ष वासुदेवराव तो काचेच्या कपाटात ठेवायला मागतात. मिळणार नाही. क्लबाने कप जिंकला तो माझ्या गोलावर. तेव्हा वासुदेवरावांनी मला खांद्यावर घेऊन मैदानभर नाचवले. मग घरी गेले, विटाळ झाला म्हणून कपड्यांसकट आंघोळ केली आणि मगच जेवले. त्यांच्या परसात कुंताबाई गोवऱ्या थापत होती, तिने हे पाहिले. घरी येऊन मला म्हणाली, "जितल्यावर आंगोळ करा लागते का जी?" उत्तर तिला माहीत होते. मला आजही त्याचा संताप येतो. कोट तिने थंडीत अंगात घालावा व क्लबासमोरून जावे.

४. माझी मयत. परवा वासुदेवराव आले आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "कवडू, तुही मयत आपून क्लबातून काढू. पयला खांदा माहा." ते गेल्यावर कुंताबाई रडत म्हणाली, "त्याले हात नाई लावू देणार मी."

तिला माझे सांगणे असे की, लावू द्यावा. पहिला खांदा त्यांनाच द्यावा. नंतर ते घरी जाऊन आंघोळ करतील, त्यावरून तिने भांडू नये. मयतीला खांदा दिल्यावर सगळेच आंघोळ करतात.

त्या दिवशी मी जिवंत होतो.

हे लिहिलेले मला वाचून दाखवले. एक शब्दही कमी करायचा नाही.

कवडू तानबा थूल (सही)

आमच्यासमोर सही केली:
रूपराव गजभिये, मिल कामगार
हिरालाल यादव, त्या सामन्यातील गोलकीपर

पुलगाव, ता. १४ डिसेंबर १९५८