उंदराचा डावा कान

४ फेब्रुवारी
उंदरांचे पाय मोजले. प्रत्येक पिंजऱ्यात दोन भाऊ — एकाच्या डाव्या कानाला खाच, दुसऱ्याच्या उजव्या. डावी खाच म्हणजे जनुक काढलेला. उजवी म्हणजे धडधाकट. आणि सुजलेत धडधाकटांचेच पाय!

पांढऱ्या पेशींच्या अंगावर एक प्रथिन असतं. ते पेशींना आवरतं, नाहीतर त्या आपल्याच सांध्यांवर तुटून पडतात — असं मी तीन वर्षं धरून चालले होते. मग ते बनवणारं जनुक काढल्यावर सूज वाढायला हवी. वाढली नाही. तीन वर्षं पाण्यात. वाईट वाटायला हवं होतं. आई जाऊन दोन महिने झाले. तेव्हापासून कशाचंच काही वाटत नाही.

५ फेब्रुवारी
जेवले. झोपले.

९ फेब्रुवारी
सर म्हणाले, "शेपट्या पुन्हा तपास." शेपटीच्या टोकावरून जनुक आहे की नाही ते कळतं. तपासलं. सगळ्या जोड्या उलट! मी ज्यांना डाव्या खाचेचे म्हणते, त्यांच्यात जनुक आहे. म्हणजे सुजले ते जनुक नसलेलेच. माझा अंदाज बरोबर होता. सरांनी पाठ थोपटली. मी हसले — हसायचं असतं म्हणून.

"मग खाचा उलट्या कुणी पाडल्या?" सरांनी विचारलं. खाचा पाडतात उंदरांच्या खोलीतले काका. सव्वीस वर्षं तेच काम.

१० फेब्रुवारी
काकांना बोलावलं. "मी उंदराचा डावा तो डावा धरतो. ताई समोरून बघतात, त्यांना तो उजवीकडे दिसणार."

सर भडकले. "डावं-उजवं कळत नाही आणि वर तोंड करून बोलताय?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, समोरून बघायचंच ठरलं होतं. मला तसंच आठवत होतं.

१२ फेब्रुवारी
काकांना बाटल्या धुवायला पाठवलं. निवृत्तीला आठ महिने राहिलेत. जाताना म्हणाले, "सात नंबरची व्यायलीय. पिल्लांना हात लावू नका, खाऊन टाकेल ती. आणि तुम्ही वेळेवर जेवत जा." बरं म्हटलं.

१५ फेब्रुवारी
आत्याचा फोन. "रडलीस का गं?" नाही. "अगं, रड एकदाची!" — मी काय नळ आहे?

१७ फेब्रुवारी
लेखासाठी तारखा हव्या होत्या म्हणून गेल्या वर्षीची वही काढली. आई होती तेव्हाची. पहिल्याच पानावर माझं अक्षर — 'डावा म्हणजे उंदराचा डावा.' खाली काकांची सही, समजलं म्हणून.

ते चुकले नव्हते. आई गेल्यावर मी कामावर परत आले आणि मीच समोरून बघायला लागले.

वही घेऊन सरांकडे निघालेय. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटतंय — लाज.