ट्रेलरच्या भिंती

१२ मे २००९, मुर्री

नवेगाव बांधच्या तलावावर पर्यटकांना झोपण्यासाठी एक ट्रेलर आमच्या कारखान्यात तयार होतो आहे. त्याच्या भिंतींना बाहेरून ॲल्युमिनियम लावायचं की फायबर, हे बाबांनी काल माझ्यावर सोपवलं. उद्या सांगायचं आहे.

खरं तर उत्तर स्पष्ट आहे. ॲल्युमिनियमला जोड फार, पावसाळ्यात पाणी शिरणार. फायबरची भिंत नागपूरहून अख्खी येते, पत्रे जोडायचा एकही रिवेट लागत नाही. पण आमच्याकडे रिवेट मारतात ते दिनूकाका. एकही रिवेट नाही, म्हणजे त्यांना काम नाही.

फायबर तडकलं तर इथे दुरुस्त कोण करणार? हा मुद्दा खरा आहे, की मी निमित्त शोधते आहे?

संध्याकाळी दिनूकाका हात धुताना म्हणाले, "पोरी, सकाळपासून माझ्या तोंडाकडे काऊन पाहून राहिली? ॲल्युमिनियम लावशील अन् पाणी गळलं, तर लोक माझंच नाव घेतेत."

"मग तुम्ही काय कराल?"

"मी काय करीन, ते तुझ्या कॉलेजात शिकवलं नाही ना? मग सोड."

फायबर सांगणार आहे. त्यांनी मला मोकळं केलं म्हणून नव्हे, जोडांमुळे. असं लिहिलं खरं, पण काल हेच जोड माहीत असून मी गप्प होते.