वखारीतले चार दिवस

आप्पा,

नव्या वर्गापुढं माझी ओळख करून देताना आमचे प्राचार्य दर वर्षी तीच वाक्यं म्हणतात. यांनी आधी निपाणीत तंबाखूची वखार सांभाळली, मग प्लेगच्या साथीत माणसं सांभाळली आणि आता विद्यार्थी सांभाळतात. पोरं टाळ्या वाजवतात. मी खाली बघतो आणि लोकांना तो विनय वाटतो. बेळगावात माझ्या विनयाचं बरंच नाव झालंय. व्यापार आणि लोकसेवा यांच्या मधे जे चार दिवस गेले ते फक्त तुम्हाला ठाऊक होते, आणि तुम्हाला जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली.

कोल्हापूरहून मी बी.ए. होऊन तुमच्याकडं नोकरीला आलो तेव्हा वाटलं होतं, तुम्ही मला गादीवर बसवाल. तुम्ही मला वर्षभर तंबाखू चाळणाऱ्या बायकांत बसवलंत. शिंका, ठसके, डोळ्यांना धारा. मनातून मी तुमच्यावर लई चिडलो होतो. रोज सकाळी तुम्ही मला ढिगापाशी न्यायचा, बाही वर करायला लावायचा आणि म्हणायचा, "वरनं गारच दिसतंय रं. आत हात घाल, कोपरापतोर." पाणी मारून रचलेली तंबाखू आतून तापते, वेळेवर हलवली नाही तर कुजून काळी पडते, हे मी हातानं शिकलो. आज मी तेच व्याख्यानांत मोठमोठ्या शब्दांत सांगतो.

प्लेग आला त्या साली तुम्ही पहिल्यांदा वखार माझ्यावर सोपवून महिनाभर साताऱ्याकडं गेलात. जाताना आणखी एक काम गळ्यात घातलंत. गावातल्या व्यापाऱ्यांनी प्लेगसाठी मंडळ काढलं होतं, त्याचा चिटणीस मला केलंत. काम सोपं होतं. कुठं उंदीर मरून पडला की ज्यानं त्यानं चिटणिसाला कळवायचं, चिटणिसानं दवंडी द्यायची, पेठेनं घरांना कुलपं लावून माळावर खोपटं बांधायची. आणि जिथं उंदीर पडला ती जागा बंद व्हायची, आतल्या मालासकट. उंदीर पडला की घर सोडायचं हे तेव्हा शेंबड्या पोरालाही कळत होतं.

पहिला उंदीर आपल्याच वखारीत पडला. कोपऱ्यात, गोणपाटांच्या मागं, सकाळी सकाळी. मी एकटाच होतो. ढीग रचून तयार होते आणि चार दिवसांनी गाड्या भरून स्टेशनाकडं निघायच्या होत्या. वखार बंद झाली असती तर तुमचा सगळा हंगाम आतल्या आत कुजला असता, आणि तोही माझ्या हाताखाली. मला आपल्या लोकांचा तो लाडका समज आठवला. तंबाखूच्या वखारीत रोगराई शिरत नाही, त्या वासानं उंदीरसुद्धा तिथं राहत नाही. तुम्हीही कधीमधी असं म्हणायचा. मी स्वतःला पटवलं की हा शेजारच्या धान्याच्या दुकानातला असणार, मरायला इकडं आला असणार. चिमट्यानं उचलला, मागं नेऊन रॉकेल ओतून जाळला. दुसऱ्या दिवशी तीन होते. तिसऱ्या दिवशी एक अजून चालत होता, दारू प्याल्यासारखा, उजेडातच, माणसाला न भिता. तो माझ्या पायाशी येऊन थांबला. त्यालाही जाळलं. त्या दिवसापासून वखारीत मांजर फिरकलं नाही.

आपली आक्का तुम्हाला आठवतच असेल. चाळणाऱ्या बायकांची मुकादमीण, तुमच्याच समाजातली गरीब विधवा. मला काम तिनंच शिकवलं. तिची लेक बाळंतपणाला आली होती, दिवस भरत आले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी आक्का चाळण खाली ठेवून माझ्याकडं आली.

"अण्णा, कोपऱ्यात कसला वास येतोय? उंदीर पडलाय व्हय?"

"न्हाय गं आक्का. गोणपाटं भिजल्यात जुनी."

"खरं सांगा. पडला असंल तर आजच लेकीला घिऊन माळावर जाती. वज्झं घिऊन तिला पळता यायचं न्हाय."

"आपल्या वखारीत कुठला आलाय उंदीर?"

"तुमीच चिटणीस. तुमी सांगतासा म्हंजे खरंच," ती म्हणाली आणि परत चाळायला बसली. तिच्या मागोमाग दहाबारा बायकाही बसल्या. तिच्या आवाजात संशयाचा लवलेश नव्हता, आप्पा. असता तर मला बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी गाड्या गेल्या. त्याच संध्याकाळी मी दवंडी दिली. माळावर खोपटं उभारली, पाण्याचे हौद भरून घेतले, दुधाची सोय लावली, तापकऱ्यांची खोपटं वेगळी केली. खोटं कशाला बोलू, मी ते काम जीव ओतून केलं. म्हातारी माणसं तोंडावरून हात फिरवायची. आणि पाचव्या दिवशी आक्काच्या काखेत गाठ आली.

मी तिच्या खोपटात गेलो. लेक बाहेर बसली होती, पोटावर हात ठेवून. आक्काचे डोळे लाल झाले होते, पण शुद्ध होती. ती म्हणाली, "वखारीत उंदीर पडलं हुतं न्हवं? शेजारच्या धान्यवाल्यानं तुमाला जाळताना बघितलंय." मग तिनं विचारलं, "मालकांनी जाताना सांगितलं हुतं का तुमाला, बोलू नगं म्हणून?"

तिनंच मला वाट काढून दिली. मी म्हणालो, "व्हय."

तिनं तोंड छपराकडं फिरवलं. "वीस वरसं हाताखाली काम केलं. मालक असं करतील वाटलं न्हवतं." एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी ती गेली. तिच्या मागून चाळणाऱ्यांतल्या आणखी तिघी गेल्या.

साथीची बातमी ऐकून तुम्ही महिना भरायच्या आतच परतलात, तोवर सगळ्या माळाला ती गोष्ट ठाऊक झाली होती. खोपटांच्या मधून तुम्ही चालत आलात आणि बायकांनी तुमच्याकडं पाठी फिरवल्या. एकानं तोंडावर विचारलं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मला वाटलं, आता संपलो. तुम्ही म्हणालात, "व्हय. मीच सांगितलं हुतं त्याला."

नंतर मला बाभळीखाली नेऊन तुम्ही जे बोललात तेवढीच तुमची मला मिळालेली शिक्षा. "सोमवारी डाक्टर टोचायला येणार. चिटणीसच लबाड हाय म्हटल्यावर एक माणूस हात फुडं करायचं न्हाय. ऱ्हाऊ दे माझ्यावर. साथ सरल्यावर बघू." सोमवारी सगळ्यांनी टोचून घेतलं. आक्काच्या लेकीनं घेतलं, आठवड्यानं तिला मुलगी झाली, दोघी जगल्या. तुमचं बरोबर होतं.

साथ सरली. मी बघितलं नाही. तुमच्या वखारीत चाळायला एक बाई येईना, तुम्ही दार लावून सदलग्याला भावाकडं गेलात. मी मंडळ वाढवलं, दवाखाना काढला, वसतिगृह काढलं, लोक माझ्या शब्दावर उठू-बसू लागले. पुढं दुसऱ्यांच्या वखारींतही तो वास सोसेना म्हणून व्यापार सोडला आणि बेळगावात शिकवायला आलो. सदलग्याला एकदा भेटायला आलो होतो, तेव्हा तुम्ही माझ्या नव्या वसतिगृहाची चौकशी केलीत, किती खोल्या, पाणी कुठून येतं. बाकी काही विचारलं नाहीत. मी निघेपर्यंत घाबरून बसलो होतो की आता विचाराल.

आक्काची लेक आता शहापुरात राहते, तिचा नवरा मागावर बसतो. आज सकाळी ती माझ्याकडं आली. माळावर जन्मलेली तिची मुलगी लग्नाची झाली आहे. स्थळ आलंय ते तुमच्या घरातून, आप्पा. तुमचा नातू, चिकोडीला मास्तर आहे. मुलगा चांगला, मुलीच्याही मनात आहे. ती म्हणाली, "अण्णा, आईला ज्यानं मारलं त्याच्या घरात लेक कशी देऊ? पर पोरगी रडती. तुमी तिथं हुतासा. तुमी म्हणशिला ते करती."

एक खरं वाक्य बोलायचं होतं. मी विचार केला तो मुलीचा नाही. तुम्ही घरी कुणाला खरं सांगितलं असेल का, सोयरीक झाल्यावर ते कधीतरी ओट्यावर बोललं जाईल का, एवढाच विचार मी केला. आणि म्हणालो, "नगं. दुसरं स्थळ बघ."

ती माझ्या पाया पडली. म्हणाली, तुमच्यामुळं आमी जगलो, आता पोरगीबी वाचली.

तेव्हापासून तुम्हाला लिहीत बसलोय. हे खरं तर तिला सांगायला हवं, आणि तिला वाचता येत नसल्यानं तोंडानंच सांगायला हवं. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्हाला सगळं आधीच ठाऊक आहे. तिचं घर इथून दहा मिनिटांवर आहे. सदलग्याला नकाराचा निरोप घेऊन माणूस उद्या सकाळी जाणार, तोवर वेळ आहे. मी अजून खुर्चीवरून उठलेलो नाही.