सुखदेव मास्तरचा एक दोष

१४ एप्रिल १९६१, अमरावती

छापखान्याविरुद्ध माझी तक्रार आहे. दुसरीकडे कोणी घेणार नाही, म्हणून इथे दाखल करतो. हे लोक प्रुफं ओल्या कागदावर काढतात. ओल्या कागदावर माझी शाई फुटते. परवा समासात मोठ्या गांभीर्याने 'पाहा' लिहिलं, ते पाय पसरून मेलेल्या कोळ्यासारखं दिसलं. साहित्यासाठी लोकांनी काय काय सोसलं म्हणतात. त्यात हेही धरावं.

मालक आप्पाजींना सांगितलं. "उन्हात धरा ना सर! अमरावतीत उन्हाचा तोटा हाय का?"

धरलं. कागदाची पापडी झाली. दुरुस्ती करायला गेलो तर मोडली.

सोळा-सोळा पानांचे एकूण फर्मे अकरा, आठ छापून झाले. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी पहिली कादंबरी. इतकी वर्षं शाळेत मुलांचे कान पिळायचे आणि साप्ताहिकातल्या सदरात मोठ्यांचे, एवढाच उद्योग.

एक मात्र खुपतंय. देवमन खंडारे इथे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवतो. माझं अक्षर लागणारा जिल्ह्यातला एकमेव माणूस, सौ. धरून. प्रूफ देताना दरवेळी काहीतरी बोलतो. कादंबरीतल्या पाटलाच्या मिशीवर हसला. खोटी साक्ष देणाऱ्या कुळकर्ण्यावर इतका हसला की हातातली जुळवलेली ओळ सांडली. सुखदेव मास्तरची पानं मात्र मुकाट्याने दिली. तीनदा.

१६ एप्रिल

विचारलंच. सुखदेव मास्तर कसा वाटला?

देवमन खिळे उचलत राहिला. मग, "खरं सांगू? मले नाही पटला."

का नाही पटला? साऱ्या गावात एक सज्जन माणूस मी ठेवला, तो बौद्ध ठेवला. खोटं बोलत नाही, रागावत नाही, दगड मारणाऱ्याच्या पोराला शिकवतो.

"तेच तं. पाटलाले खोड, कुळकर्न्याले खोड, सावकाराले तं दोन-दोन. आमच्याच मानसाले एक बी नाही? काहून?"

मी म्हटलं, मान ठेवला.

"मान नाही सर. चार-पाच सालं झाली, आमी घरातले देव्हारे काढले. तुमी आमच्याच मानसाले देव्हाऱ्यात बसवून राहिले."

प्रूफ काखोटीला मारून बाहेर पडलो. मी! सगळ्या शहराला माझ्या जिभेची भीती.

१७ एप्रिल

दिवसभर राग. उपकाराची किंमत नाही वगैरे मनात म्हणून पाहिलं. 'उपकार' शब्दाशी अडलो. कोणावर केला?

सौ.ला विचारलं. तिने हस्तलिखित वाचलं आहे. "आवडतो ना. पण जेवायला आला तर जीव दडपेल माझा. भाजी खारट झाली तरी बोलायचा नाही. तुम्ही निदान ताट सरकवता."

म्हणजे दोघांचं एकमत. आणि मी चष्मा पुसतोय.

२० एप्रिल

तीन दिवस खपून सुखदेव मास्तरला दोष दिले. तंबाखू. घोरणं. एकदा वर्गात छडी, नंतर पश्चात्ताप. पानं देवमनकडे नेली. उभ्याउभ्या वाचली.

"सर, लहान लेकराले तीट लावते ना? लेकरू गोरंगोमटं हाय, दिठ लागू नये म्हनून? तसं हाय हे."

पानं माझ्याच हाताने फाडली. तो म्हणाला, "पाठकोरी होती, प्रुफाले कामी आली असती."

२१ एप्रिल

आप्पाजींनी मुदत घातली. लग्नसराई. नववा फर्मा जुळवून उभा आहे, त्यात त्यांचे खिळे अडकलेत, आणि बाहेर पत्रिकावाल्यांची रांग. "पंधरा दिवसांत छापून मोकळे करा सर. न्हाई तं लोकाईच्या पोरी बिनलग्नाच्या राहतीन, पाप तुमच्या डोक्शावर."

मास्तर बदलायचाय म्हटलं. "कावून? अहो, देवमानूस हाय म्हनून तं शाळांच्या लायब्रऱ्या घेतीन! बाकी तुमच्या पुस्तकात लेकराईले दाखवासारखं हाये काय?"

अडचण खरी वेगळीच. आठ फर्मे छापलेत. त्यातला मास्तर निर्मळ आहे आणि तसाच राहणार, एक काना हलत नाही. जे काय व्हायचं ते उरलेल्या तीन फर्म्यांत. अठ्ठेचाळीस वर्षं सज्जन म्हणून छापून झालेल्या माणसाला आता दोष शोधायचा. (हे वाक्य मास्तरबद्दल लिहिलं. मास्तर चाळिशीचा आहे.)

२३ एप्रिल

आज मूर्खपणा केला. देवमनला चहाला नेलं आणि म्हटलं, तूच सांग. तुझ्या हातून काय काय चुकलंय आयुष्यात?

बशी खाली ठेवली. मग हसला. बरं हसला नाही.

"वा सर! आमचे दोष बी आमीच काढून द्याचे? मंग तुमी काय करसान?"

माफी मागितली. तो पुढे जे बोलला ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण मला ते विसरायला आवडेल:

"एवढे दोष जमा केले तुमी. सारे लोकाईचे पाह्यलेले. पाटलाचा, सावकाराचा, तुमच्याच जातीतल्या कुळकर्न्याचा. तुमचा सोताचा एक बी नाही खर्च केला."

चहाचे पैसे त्यानेच दिले. मला देऊ देईना.

२४ एप्रिल

काही लिहिलं नाही.

काय लिहायचं ते मात्र सकाळपासून माहीत आहे.

२६ एप्रिल

वामन. लिहून टाकतो, निदान इथे.

आम्ही दोघे अकोल्याला एकाच खोलीत राहणारे, एकाच शाळेत, दोघेही कच्चे मास्तर. अमरावतीला जागा निघाली. दोघांनी अर्ज लिहिले. वामनला हिवताप. अंगावर दोन घोंगड्या, दात वाजतायत, त्यातून त्याने पाकीट माझ्या हातात दिलं. "दत्तू, तुझ्याबरोबर माझंही टाक." मी माझं टाकलं. त्याचं कोटाच्या आतल्या खिशात राहिलं. विसरलो नव्हतो. रोज कोट घालताना हाताला लागायचं. मुदत संपल्यावर बंबात घातलं.

तो माझ्यापेक्षा बरा शिकवायचा. त्याचा अर्ज पोचता तर मी आज इथे नसतो. मी निघालो तेव्हा माझी ट्रंक त्याने स्टेशनवर उचलून दिली. हल्ली अकोटला असतो. दर दिवाळीला पत्र येतं. मी उत्तर देतो, विनोदी.

बस. हा दोष सुखदेव मास्तरला द्यायचा. तीट नाही. चेहराच.

३० एप्रिल

चार दिवसांत नववा फर्मा नव्याने लिहिला. हात थांबला नाही.

आणि गंमत अशी. पाचव्या फर्म्यात सुखदेव मास्तर आपल्या जुन्या सोबत्याच्या, महादेव मास्तरच्या, मुलाला वर्षभर फुकट शिकवतो. छापून झालंय. मी ते निव्वळ भलेपणा म्हणून लिहिलं होतं. आता वाचणाऱ्याला नवव्यात कळेल की त्या महादेवचाच अर्ज याने दाबला होता. पाचव्यातलं एक अक्षर न हलवता सगळं पान फिरतं.

मग भलेपणा खोटा ठरला का? सकाळभर डोकं खाजवलं. नाही. पोरगा शिकला तो शिकलाच. उलट आता त्या शिकवण्याला वजन आलं. आधी मास्तर चांगला होता कारण मी त्याला तसा घडवला होता. आता त्याला रोज सकाळी उठून चांगलं व्हावं लागतं.

इतक्या वर्षांत मला हे कळलं नव्हतं. मी दोष हसायला वापरले. दुसरं काही करता येतं याचा पत्ता नव्हता.

२ मे

देवमनने वाचलं. या वेळी स्टुलावर बसून. दोनदा.

"हे तुमी पाह्यलेलं नाही," म्हणाला. "केलेलं हाय."

हो म्हटलं. त्याने पानं सरळ करून ठेवली.

मग मीच म्हटलं, लोक म्हणतील, बामणाने बौद्ध मास्तराला लबाड दाखवलं.

"म्हनतीन. मले बी म्हनतीन, तू कसा जुळवला म्हनून. मी पाहीन थे. पन एक करा. त्याले सजा देऊ नका अन् माफी बी देऊ नका. कुळकर्न्याले जसं सोडलं तसंच सोडा. बराबरीनं."

शेवटची दोन पानं काढून टाकली. त्यांत महादेव मास्तर याला मिठी मारून रडत होता. मी बरंच मन लावून लिहिलं होतं ते.

३ मे

आप्पाजींनी वाचलं. डोक्याला हात. "सर, चांगला मानूस होता. मारून टाकला तुमी!"

मारला नाही, जिवंत केला, म्हटलं. छापता का नाही तेवढं सांगा.

"छापतो. देवमन म्हनते छापा, तं छापतो. पन लायब्रऱ्यांचं इसरा."

विसरलो. खरंच, फार जड गेलं नाही. पुस्तक कमी खपेल. माझी पुस्तकं खपत होती कधी? हे पहिलंच.

५ मे

सौ.ला आज सांगितलं. सगळं, कोटाच्या खिशासकट. ती भेंडी चिरत होती. चिरून झाल्यावर म्हणाली, "वामनभावजी पुस्तक वाचतील."

माहीत आहे.

"म्हणजे त्यांना ते छापील कळणार? विकत घेऊन?"

मग उठताना, "आणि एक सांगू? तुमचं पाप त्या बिचाऱ्या मास्तरच्या अंगावर घातलंत. तुम्ही पुन्हा स्वच्छच."

एकाच महिन्यात दोघांनी पकडलं. साप्ताहिकाने माझं सदर यांना द्यावं.

देवमनला सांगितलं, फर्मा चार दिवस अडवून ठेव. आप्पाजी ओरडतील. "ओरडू द्या. मी म्हनतो मशिनले तेल द्याचं हाय." प्रूफ घेतलं. रविवारी अकोट. पत्र नाही पाठवायचं. टपालाच्या बाबतीत वामनला माझा अनुभव चांगला नाही.

७ मे, अकोटहून परत आल्यावर

सकाळची एष्टी, दर्यापूरवरून. बाहेर नुसतं काळं रान, भेगा पडलेलं. सगळा रस्ता वाक्यं जुळवली. सगळी चांगली होती. एकही वापरलं नाही.

वामन अंगणात लिंबाखाली, उघड्या अंगाने, पोरांचे पेपर तपासत. केस पिकले. "अरे दत्तू! न कळवता?" वहिनी ताक घेऊन आल्या. त्या आत गेल्यावर मी म्हटलं, तुझा अमरावतीचा अर्ज मी टाकला नव्हता. मुद्दाम.

त्याने पेपरावरून पेन्सिल उचलली. तांबड्या पेन्सिलीला टोपण नसतं, तरी त्याने ते शोधल्यासारखं केलं.

मग प्रूफ दिलं. म्हटलं, हे छापणार आहे, तू नको म्हणालास तर नाही. त्याने नाकावर चष्मा चढवला आणि वाचलं. मास्तर लोक वाचतात तसं, ओळीखाली बोट धरून. एका जागी बोट थांबलं.

"हे इथे. तो विचारतो, माझं पाकीट टाकलं का? आणि तुझा मास्तर नुसती मान हलवतो."

हो.

"तू मान हलवली नव्हतीस."

मी प्रुफाकडे पाहिलं.

"मी तापात होतो, पण ऐकू येत होतं. तू म्हणालास, विद्येची शपथ, टाकलं. मला तेव्हाच नवल वाटलं. साध्या पाकिटाला शपथ कशाला?"

म्हणजे इतकी वर्षं त्याला संशय होता. इतकी दिवाळीची पत्रं.

मला ती शपथ आठवत नव्हती. त्याने म्हटल्याबरोबर आठवली. आवाजासकट. सगळं सांगतोय म्हणून आलो होतो, आणि त्यातही स्वतःला एक तीट लावून ठेवली होती.

त्याच्याच पेन्सिलीने 'मान हलवली' खोडलं. समासात लिहिलं: "विद्येची शपथ, टाकलं." प्रूफ पुन्हा त्याच्यापुढे धरलं.

त्याने पाहिलं. "हं. असं म्हणाला होतास." पाहून परत दिलं. छाप म्हणाला नाही. नको छापू असंही म्हणाला नाही. मी विचारलं, छापू? "तुझं पुस्तक आहे."

उद्या देवमनला ती दुरुस्ती देणार. तिथे माझा हात आखडणार नाही.

जेवायला वहिनींनी बसवलं. वामन माझ्या शेजारी जेवला, पेपरांबद्दल बोलला, पोरांना भूमिती येत नाही म्हणाला. मग, "तुझी एष्टी साडेतीनची आहे." सदरा घालून निघालाही बरोबर.

साडेतीनची आली पावणेपाचला. तोवर स्टँडच्या बाकावर तो माझ्याशेजारी बसून होता. बोलला नाही. उठून गेलाही नाही.