काकूंच्या चुकांची यादी

३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
मेडिसिन वॉर्डातली पोस्टिंग सुरू. सहा आठवडे, आम्ही सहा विद्यार्थी. शेवटी इन्चार्ज सिस्टर आमच्यातल्या एकालाच सगळ्यांच्या आधी आयसीयूत पाठवणार. तो एक कोण, यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. फार्माकोलॉजीत पन्नासपैकी सत्तेचाळीस कोणाला आहेत? औषधांचं दुकान कोणाच्या बाबांचं आहे? मी रांगायला शिकलो ते काउंटरखाली. ग्रुपमध्ये मला ‘गाइड’ म्हणतात. आदरानेच म्हणत असावेत.
घरी फोन करून सांगितलं, निवड जवळजवळ झाली.

४ फेब्रुवारी
ग्रुपमध्ये एक काकू आहेत. वय एकोणचाळीस, दोन मुलं. याच हॉस्पिटलात बारा वर्षं आया होत्या, आता नर्सिंग शिकतायत. परीक्षेत एकतीस. औषधाचं लांब नाव आलं की बोट ठेवून तोडून तोडून वाचतात. मला वाईट वाटलं. त्यांना अभ्यासात मदत करायचं ठरवलं आहे.

५ फेब्रुवारी
मदत रद्द.
चार नंबरच्या खाटेवर औषध घेऊन गेलो. तुम्हीच ना ते अमुक अमुक, असं विचारलं. आजोबा हो म्हणाले. मागाहून कळलं की त्यांना ऐकू येत नाही, ते सगळ्यालाच हो म्हणतात. पहाटे खाटांची अदलाबदल झाली होती. गोळी आजोबांच्या ओठांशी असताना काकूंनी त्यांच्या मनगटावरची पट्टी वाचली.
सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, नाव आपण सांगायचं नसतं, पेशंटकडून वदवून घ्यायचं असतं. काकूंकडून शिका जरा.
खाटा बदलल्याचं मला कोणी कळवलं नव्हतं. चूक व्यवस्थेची.

९ फेब्रुवारी, दुपार
सात नंबरच्या ड्रायव्हरला टीबीचं औषध, रिफाम्पिसिन. रिकाम्या पोटी द्यायचं, वेळ पाळायची, लिव्हरवर लक्ष ठेवायचं. सगळं केलं. दोन तासांनी संडासातून असा काही ओरडा, की वॉर्डबॉय बादली टाकून धावला. ड्रायव्हरची लघवी भगभगीत केशरी. तो म्हणे, माझं रक्त चाललंय, घरच्यांना बोलवा.
या औषधाने तसं होतंच. पुस्तकात पान दोनशे चौदा. फक्त त्याला आधी सांगायचं राहिलं.
शेजारच्या आठ नंबरलाही तेच औषध. तो शांतपणे म्हणाला, होतंच तसं, काकूंनी सकाळीच सांगितलंय, घामसुद्धा रंगेल, घाबरू नका. आता ड्रायव्हर आपली प्रत्येक गोळी काकूंना दाखवून घेतो. माझ्या हातातली!

१२ फेब्रुवारी
बाबांना फोन. काकूंबद्दल सगळं सांगितलं. एकतीस मार्कांवर विशेष भर दिला. बाबा म्हणाले, दोन पोरं सांभाळून एकतीस? कमाल बाई आहे. आईने फोन घेतला आणि त्यांना एकदा घरी जेवायला आण म्हणाली.
माझे सत्तेचाळीस कोणी विचारले नाहीत.

१६ फेब्रुवारी
इन्सुलिनला दोघांची तपासणी लागते. एकाने सिरिंजमध्ये भरायचं, दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासून सही करायची. एवढ्याशा फरकाने साखर खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. बाकीचे लांबूनच मान हलवतात आणि सही ठोकतात. आज काकूंच्या इन्सुलिनला दुसरा मी होतो.
अशी संधी रोज येत नाही. ऑर्डर वाचली, बाटली वाचली, तारीख पाहिली, सिरिंज खिडकीशी नेऊन डोळ्यांसमोर धरली. दहा युनिट. परत पाहिली. दहाच. एक डोळा मिटून पाहिली. दहा. चार मिनिटं गेली. पेशंट म्हणाला, अहो, जेवण निवतंय.
काकूंनी थँक यू म्हटलं. टोमणाच होता.
आजपासून या वहीच्या मागच्या पानावर काकूंच्या चुकांची यादी ठेवणार. पेशंटच्या हितासाठी.

२० फेब्रुवारी
यादी: १. चपला वाजतात.

२४ फेब्रुवारी
काकूंनी अँटिबायोटिकआधी तेरा नंबरच्या आजींना ॲलर्जी विचारली. केसपेपरवर ‘नाही’ असं स्वच्छ लिहिलेलं असताना! मी लगेच वही काढली. आजींना आठवलं, मागे एकदा पेनिसिलिनने अंगभर गांधी उठल्या होत्या आणि श्वास कोंडला होता. डॉक्टरांनी औषध बदललं. सिस्टरनी काकूंच्या पाठीवर थाप दिली.
वही मिटली. मला जळायला काही झालेलं नाही. दुपारपासून छातीत जळजळतंय ते कँटीनच्या चहाने. एक अँटासिड घेतलं.

२७ फेब्रुवारी
काकूंनी सिस्टरना सांगितलं की माझ्या इन्सुलिनला दुसरा म्हणून रोज गाइडच द्या, तो एकटाच खरं बघतो.
डाव लक्षात आला. मला कायमचं ‘दुसरा’ करून ठेवायचं. मी होकार दिला. वाघाच्या गुहेत शिरल्याशिवाय वाघ कसा मोजणार?

४ मार्च
अकरा नंबरला नवीन पेशंट. निवृत्त चित्रकला शिक्षक. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. हृदय थकलंय, पायांवर सूज. लघवी होण्याची गोळी आणि डिगॉक्सिन. पेशंट माझा.
डिगॉक्सिन म्हणजे माझं आवडतं प्रकरण. गुण आणि विष यांच्यात बोटभर अंतर. देण्याआधी छातीला स्टेथोस्कोप लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. साठच्या खाली आले तर गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना कळवायचं. लघवीच्या गोळीने पोटॅशियम उतरलं तर धोका आणखी वाढतो. हे सगळं मी काकूंना पाठ म्हणून दाखवलं. त्या ऐकत होत्या आणि चक्क लिहून घेत होत्या! शेवटी शिष्या झाल्या.
मास्तरांनी माझं पेन्सिलचित्र काढलं. नाक मोठं काढलंय.

११ मार्च, दुपार
निवड सोळाला. घरी सांगितलं, झालीच समजा. आईने मावशीला कळवलं, मावशीने सगळ्या गावाला.
मास्तर आज जेवले नाहीत. मळमळतंय म्हणाले. इथलं जेवण बघून कोणालाही मळमळेल. वर म्हणाले, चादरी पिवळ्या का दिसतायत, दिव्याभोवतीही पिवळं कडं आहे, लिंबासारखं. मी म्हटलं, लाँड्रीवाल्यांची कृपा. मास्तर हसले.
मधल्या सुट्टीत सगळ्यांना डिगॉक्सिनच्या विषबाधेची लक्षणं म्हणून दाखवली: भूक जाणे, मळमळ, पिवळं दिसणे, नाडी मंदावणे. एका दमात. कोणी लक्ष दिलं नाही. काकू तेव्हा लायब्ररीत होत्या. उथळ पाण्याचा खळखळाट लोकांना आवडतो, खोलीची कदर नाही.

१३ मार्च, सकाळी ९
मास्तरांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. समोर टेबलाशी काकू आणि सिस्टर. काकू हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या. सिस्टर माझ्याकडे बघून हसल्या. मग दोघी हसल्या. निवडीला तीन दिवस असताना! माझ्याविरुद्ध कान भरणं चाललं होतं, दुसरं काय.
मोजणी एकोणीसवर चुकली. पुन्हा सुरू केली, पुन्हा चुकली. बहात्तर लिहिलं. बहात्तर हा भला आकडा आहे, त्याला कोणी हरकत घेत नाही. गोळी दिली.

१४ मार्च
रोज बहात्तर बरं दिसत नाही. चौऱ्याहत्तर लिहिलं. डॉक्टर राउंडला आले. मास्तर मलूल का, म्हणून विचारलं, चार्ट पाहिला, नाडी ठीक आहे म्हणाले आणि पुढे गेले.
काकू आणि सिस्टर आज औषधांच्या खोलीत सात मिनिटं. दार लोटलेलं.

१५ मार्च
सत्तर.
काकूंनी विचारलं, बाळा, मास्तरांचे ठोके पूर्ण मिनिटभर मोजलेस ना रे, चेहरा बरा वाटत नाही त्यांचा. मी म्हटलं, डिगॉक्सिन तुम्हाला मीच शिकवलंय. त्या आपल्या पेशंटकडे परतल्या. बरं वाटलं.
बाबा नेहमी म्हणतात, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. अगदी काकूंसाठीच केलेली म्हण.
शर्टाला इस्त्री केली. उद्या दोन शब्द बोलावे लागतील. मुद्दे काढले: १. सिस्टरांचे आभार. २. यश एकट्याचं नसतं (काकूंकडे बघून).

१६ मार्च, दुपारी २
आमच्या वॉर्डातून आयसीयूत पहिले मास्तर गेले.
सकाळी सव्वासातला त्यांना उलटी झाली. मी भाषण पाठ करत होतो. काकू धावल्या. त्यांनी मास्तरांना कुशीवर वळवलं, तोंड पुसलं, स्टेथोस्कोप लावला आणि घड्याळ बघत उभ्या राहिल्या. मिनिट संपल्यावर म्हणाल्या, अडतीस. मग सिस्टरना हाक मारली.
मास्तर मला म्हणत होते, पोरा, तू पण पिवळा दिसतोयस रे. त्यांनी माझा हात धरला होता. ट्रॉली निघाली तेव्हा डॉक्टरांनी तो सोडवला.
निवड कोणी जाहीर केली नाही. मीही विचारलं नाही.

१७ मार्च, संध्याकाळ
रक्तात डिगॉक्सिन फार, पोटॅशियम कमी. उतारा दिला आहे. चार दिवसांपूर्वी कळायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. चार्टवरचे आकडे बघून ते फसले. आकडे माझे.
सिस्टरनी खोलीत बोलावलं. विचारलं, चौऱ्याहत्तर मोजले होतेस? हो म्हणालो. त्यांनी आपलं मनगट पुढे केलं आणि मोज म्हणाल्या. मोजलं. शहाऐंशी. त्या म्हणाल्या, बघ, मिनिट किती लांब असतं. त्या तीन दिवसांत एकदाही तुला मास्तरांपाशी इतका वेळ खाली बघताना मी पाहिलेलं नाही. दर वेळी मान वर.
मग मी सांगितलं. सगळं. तेराला तुम्ही दोघी हसलात इथपासून.
सिस्टरनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. मग म्हणाल्या, त्या दिवशी काकू सांगत होती, आयसीयूत आधी गाइडला पाठवा. सोनार तोळामासा बघतो तशी सिरिंज बघतो, माझा हात चुकला तर तो सोडणार नाही. मी हो म्हटलं होतं. नाव लिहूनही ठेवलं होतं.
त्यांनी कागद दाखवला. माझं नाव होतं. खोडलेलं.
हे खोटं असावं असं मी दिवसभर स्वतःला समजावतोय. जमत नाही.

१८ मार्च, सकाळी ११
घटनेचा फॉर्म भरला. ‘चूक कशी झाली’ या रकान्यात आधी लिहिलं, वॉर्डात गोंगाट होता. खोडलं. विद्यार्थ्यावर कामाचा ताण होता. खोडलं. मग लिहिलं, नाडी मोजली नाही, आकडा मनाने लिहिला, तीन दिवस. ‘त्या वेळी काय करत होतात’ या रकान्यात लिहिलं, काकूंकडे बघत होतो.
घरी फोन केला. आई आनंदात होती, मावशी पेढे... असं काहीतरी म्हणत होती. मी म्हटलं, आई, काकूंची निवड झाली. ती म्हणाली, अरे वा, त्यांना माझं अभिनंदन सांग. मग तिने विचारलं, तू जेवलास का रे?
आयसीयूच्या दाराशी उभा राहिलो. आत जायला मला परवानगी नाही. अर्ध्या तासाने काकू बाहेर आल्या. मास्तर शुद्धीवर आहेत, पेज घेतली, ठोके छप्पन्न, असं म्हणाल्या. माझ्या तोंडून गेलं, पूर्ण मिनिट मोजलेत ना? रागवायला हवं होतं त्यांनी. हो रे, पूर्ण मिनिट, म्हणाल्या आणि आत गेल्या.
त्यांच्या अंगावर आयसीयूचा निळा गाऊन होता. तेवढ्यातही मला वाटलं, तो मला जास्त शोभला असता.