ताईच्या वितीची खोली

प्रिय ताई,

तू गेल्यापासून तुझ्यावर जळायचं नाही, असं मी ठरवलं होतं. जमतही होतं गं! पण आज आईचा नवा दिवाण आला आणि माझं व्रत मोडलं.

आईला आता जमिनीवरून उठवत नाही. तिला दिवाण हवा होता, तोही खिडकीखालीच, म्हणजे पडल्या पडल्या कोण कोणाकडे चाललंय ते दिसतं. सुतार इथे माझ्या चंद्रपुरात, आईची खोली तिकडे सिंदेवाहीला. आईला फोन केला, कोणाकडून तरी टेपनं जागा मोजून घे. तर म्हणते, "काऊन? सुनीचा नकाशा हाये ना तुयापाशी!"

सुनीचा नकाशा! ताई, तो गृहपाठ माझा होता ना? शाळेतल्या बाईंनी मला दिलेला. मी झाडूनं खोली मोजत होते, तर आई सगळ्यांदेखत म्हणाली, "झाडूनं घर झाडतेत कुंदे, मोजत नाई." मग तू उठलीस, भिंतीवर विती टाकत सरसर गेलीस, एका वितीला वहीतला एक चौकोन धरलास, आणि अख्खी खोली कागदावर उतरली. खाली नाव माझं, कौतुक तुझं. "आई, हा कुंदाचा आहे," एवढं एकदा तरी म्हणायचंस! काय गेलं असतं तुझं?

तर नकाशात खिडकीखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दहा चौकोन. मी सुताराच्या दुकानात सागवानी फळीवर ऐटीत दहा विती टाकल्या. माझ्या! तो बिचारा टेप काढत होता. त्याला म्हटलं, "राहू द्या भाऊ, घरचं माप हाये."

आज दिवाण खिडकीखाली लावला, तर उशाकडे भिंतीशी ही एवढी फट! तुझा हात केवढा होता गं? भात तुझ्या हातचा मोकळा, वेणी तुझ्या हातची घट्ट. आता खोलीसुद्धा तुझ्याच हाताला ओळखते म्हणायची!

मला वाटलं, आई दिवाण परत पाठवणार. ती बसली, आडवी झाली, खिडकीतून रस्ता पाहिला. मग उशाशी हात घालून फट चाचपली आणि खूश होऊन म्हणाली, "बरं झालं कुंदे! इथी स्टुलावर सुनीचा फोटो बसते."

म्हणजे दिवाण मी आणायचा, चूकही मी करायची आणि उशाशी तू! मी कुठे होते? पायथ्याशी. पॅकिंगचा भुसा गोळा करत. हातात काय, ते ओळखच. झाडू!

तरी ऐक. मी नवा नकाशा काढणार आहे, माझ्या वितीनं. त्यात दिवाण बरोब्बर दहा चौकोन भरेल आणि खाली माझं नाव ठसठशीत. तुझी फट बुजवणार नाही, वचन देते. तिथे तुझंही नाव लिहीन.

बारीक अक्षरात.

तुझी, एका वितीत न मावणारी,
कुंदा